बप्पांनी बोलावलेला दगड

जग बुडणार आहे ही बातमी साऱ्या गावात तुम्हाला आधी कळली, तर ती तुम्ही पहिल्यांदा कुणाला सांगाल? नवऱ्याला, बायकोला? बँकेच्या मॅनेजरला? घाई करू नका, विचार करून सांगा.

आमच्या शेजारचे बप्पा ती शेळीला सांगतात.

रोज सकाळी, धार काढायच्या आधी. शेळीसमोर उकिडवे बसून, चार घरांत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. "आयक गं. आभाळातून दगुड येनार हाय. लई मोठा. पडला की धुरळा उडंल, सूर्य झाकंल, दोन साल पीक न्हाई. घरी ऱ्हातील ते वाचतील. परमुलखात जातील त्यांचं काय खरं न्हाई." शेळी ऐकून घेते, एक कान हलवते आणि पुढचा पाला खात राहते. आमच्या ग्रामपंचायतीने या विषयात याहून जास्त काही केलेलं नाही.

बप्पांचं वय सदुसष्ट. पाटोद्याच्या पुढे डोंगराला टेकून आमचं गाव आहे. त्या गावातून तीस वर्षं ते ऊस तोडायला जात होते. गुडघे गेले तेव्हा कोयता मुलाच्या, ज्ञानोबाच्या हातात दिला. बायको, आमच्या कौशल्याकाकू, चार वर्षांपूर्वी वारल्या. आता घरात ज्ञानोबा, त्याची बायको रेखा आणि ती सर्वज्ञ शेळी.

आभाळातल्या दगडाशी बप्पांची ओळख एका लग्नात झाली. मेहकरकडे वऱ्हाड गेलं होतं. येताना टेम्पो लोणारला थांबला. बाकीची मंडळी भजी खायला उतरली, बप्पा तळं बघायला गेले. एवढा मोठा खड्डा दगड पडून झाला, हे तिथल्या कुणीतरी त्यांना सांगितलं. बप्पा परत आले ते भजी न खाताच.

"मंगल कार्यालयाएवढा दगुड, पोरी. आन् खड्डा केवढा? आपलं आख्खं गाव बसंल त्यात. वर सरपंचाचा बंगलाबी."

"बंगला बसला तर चांगलंच की बप्पा."

"तू हास. मी बघून आलोय."

त्यानंतर ज्ञानोबाचा मोबाईल बप्पांच्या ताब्यात गेला. दिवसभर ओसरीवर बसून ते दगड बघायचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी असाच एक पडला आणि डोंगराएवढाली जनावरं संपली, हे त्यांना कळलं. वाचली ती बारकी, बिळात राहणारी, उंदरासारखी, आणि आपण त्यांच्याच वंशातले, हेही कळलं. त्या दिवशी त्यांनी घरातला उंदराचा पिंजरा उचलून माळ्यावर टाकला. "थोरल्या भावकीला पिंजऱ्यात घालू व्हय?" उंदरांनी हा मान मोठ्या मनाने स्वीकारला आणि बप्पांचं नवं धोतर कुरतडलं.

बप्पांशी वाद घालणं अवघड. कारण त्यांच्याकडे एकच हत्यार आहे, पण ते कधी बोथट होत नाही.

मी म्हणायचे, "बप्पा, शास्त्रज्ञ लक्ष ठेवून आहेत. दगड दिसला तर यान पाठवून त्याची वाट वळवतील."

"बरं. आन् मग?"

"मग तो पडणार नाही."

"आन् येकादा उशिरा दिसला तर? आन् मग?"

एकदा मी त्यांना एक बातमी वाचून दाखवली. परदेशातल्या धनिकांनी असल्या संकटासाठी जमिनीखाली घरं बांधली आहेत. आत दारूचं कोठार, सिनेमा, पोहायचा तलाव. बप्पांनी तलावाची ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मला वाटलं, भारावले.

"पवायचं तळं? जगबुडीत?"

"हो."

"बरं. आन् मग? दोन सालांनी वर येतील. खुरपं कोन धरनार? चूल कोन मांडनार? कोनाची शेळी व्याली तर हात कोन लावनार?"

"नोकर असतील."

"नोकर खाली नेलेत का?"

बातमीत तसं काही लिहिलेलं नव्हतं. मी तेव्हापासून त्या धनिकांची काळजी करणं सोडलं आहे.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत बप्पा उभे राहिले आणि ऐन वेळच्या विषयात त्यांनी दगड मांडला. पडलाच तर गावाने काय करायचं, धान्य कुठे ठेवायचं, बी कुणी राखायचं, याचा ठराव हवा. सभा एकदम जागी झाली. गटारीच्या विषयाला ती झोपली होती.

ग्रामसेवक म्हणाले, "बप्पा, माझ्या नमुन्यात पूर हाय, वीज हाय, गारपीट हाय. दगडाचा रकाना न्हाई."

"मग गारपिटीत टाका. येकच गार हाय, जरा मोठी."

"पंचनामा करावा लागंल ना पण."

"पंच वाचले पायजेत का न्हाई आधी?"

सरपंचांनी पानाची पिंक टाकून समेट केला. "बप्पा, तेवढं एक सांगा. पडलेला दगुड उचलायचा ठेका कुनाला द्यायचा?" सगळी सभा हसली. इतिवृत्तात नोंद झाली की सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन पुढील सभेत विचार करण्याचे ठरले. म्हणजे दगडाला आता पुढच्या सभेपर्यंत थांबणं भाग होतं.

बप्पा मात्र थांबणाऱ्यातले नव्हते. ओसरीवर बसून त्यांनी गावातल्या एकेका माणसाची परीक्षा सुरू केली. जगबुडीत कोण किती टिकेल? सरपंच दोन दिवस. ग्रामसेवक मोबाईलची बॅटरी असेपर्यंत. मी?

"तुझा काय उपेग, पोरी? हितं प्यायचं पानी हाय, अशी पाटी लिहिशील. चालंल. महिनाभर."

पहिला नंबर मात्र त्यांनी एका दमात दिला. ऊसतोडीला जाणारी बाई. "उघड्या रानात सोड तिला. सांजंपातुर कोपी उभी करंल, तीन दगुड मांडून चूल पेटवंल, कुठलं तरी पानी आनंल. न्हाई मरायची."

मला हे फार आवडलं. माणूसजात असल्या आघातातून वाचेल का, याचा अभ्यास जगात चालू आहे म्हणे. अभ्यासकांनी आमच्याकडे यावं. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव चूल, भांडी, कोंबड्या, अंथरुणं ट्रॉलीत भरतं आणि सहा महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, काढून परत येतं. जगबुडीची ही रंगीत तालीम दरवर्षी बिनचूक होते. सरकारला तिचा एक पैसा खर्च नाही. वर भाषणात आमच्या चिवटपणाचं कौतुक होतं ते वेगळंच. मी हे सगळं तावातावाने बप्पांना ऐकवलं.

बप्पांनी मान हलवली. "वाचायचं आपल्याला लई चांगलं जमतं, पोरी. आज्या-पंज्यापासून त्येच करतोय. पन वाचनं येगळं आन् पुन्हा उभं ऱ्हानं येगळं. उभं ऱ्हायला मानूस एक साल तरी एका जागी बसाया पायजे."

आणि या एका सालासाठी त्यांनी पेव खणायला घेतलं.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. कोरड्या पांढऱ्या मातीत खणायचं, आतून शेणाने सारवायचं, कडेने कडबा लावायचा, ज्वारी भरून तोंड मातीने लिंपून टाकायचं. धान्य वर्षानुवर्षं टिकतं. आमच्या पिढीने पेव फक्त म्हणीत पाहिलं आहे. बप्पांनी घरामागे आखणी केली, घरोघर एकेक पायली ज्वारी मागितली आणि घरोघर हसू गोळा करून आणलं. मग गुडघे सांभाळत एकटेच खणायला लागले. रोज वीतभर.

चौथ्या दिवशी गावात बातमी पसरली. बप्पाला हंडा लागलाय.

खरंच, म्हातारा माणूस सांगतो एक आणि घरामागे खणतो दुसरंच, याला गुप्तधनाशिवाय कारण काय असणार? दगडासाठी पायलीभर ज्वारी ज्यांच्या घरातून निघाली नव्हती, ते अकराजण कुदळी-फावडी घेऊन हजर झाले. एकाने नारळ आणला, एकाने लिंबू.

"बप्पा, किती खोल असंल?"

"आठ हात तरी जावं लागंल," बप्पा म्हणाले. आणि हे अगदी खरं होतं.

"आपल्यात लपवालपवी नको बरं का."

"कावून लपवू? समद्या गावाचं हाय त्ये."

हेही खरं होतं. दोन दिवस अकराजणांनी खणलं. बप्पा काठावर बसून "जरा पोट वाढवा बे", "तोंड बारीक ठिवा" असं सांगत होते. धन काढायला खड्ड्याचं पोट कशाला वाढवायचं, हे घामाच्या धारांत कुणाला सुचलं नाही. आठ हात झाले तसे बप्पा उठले. "बास. या आता वर."

"आन् धन?"

"त्ये आता आपन टाकायचं."

त्यानंतर त्या अकराजणांची तोंडं बघण्यासारखी होती. पण खणून झालं होतं, आणि बायकांनी घरी जे ऐकवायचं ते ऐकवलं होतं. आठवड्याभरात लाजेकाजेने अकरा पायल्या आल्या. बाकीची ज्वारी बप्पांनी स्वतःच्या कणगीतली ओतली.

इथपर्यंत मी बप्पांच्या बाजूने होते. पण नवरात्र आलं आणि दगडाला तारीख मिळाली. दिवाळीच्या पाडव्यानंतर, तोडीचे ट्रॅक्टर निघायच्या सुमाराला. शेळीला आता रोज सकाळी उरलेले दिवस ऐकवले जाऊ लागले. "वीस दिस ऱ्हायले गं." "अठरा." हापशावर बाया कुजबुजायला लागल्या. वरच्या आळीतल्या एका आजीने, दगडाने कशाला मारायच्या म्हणून, आपल्या दोन्ही कोंबड्या स्वतःच कापून खाल्ल्या. एकाने मुलाचं शाळेत जाणं थांबवलं.

आता हे सहन होईना. माझे वडील पत्रकं काढायचे. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. गावात खोटी भीती पसरते आहे आणि मी गप्प बसायचं? मी शोध घेतला. एक दगड खरोखरच येत होता. पण तो चंद्राच्याही पलीकडून निघून जाणार होता. मी पाटोद्याला गेले, तीनशे पत्रकं छापून आणली. 'बंधू-भगिनींनो, घाबरू नका! लघुग्रह पडणार नाही! शास्त्रावर विश्वास ठेवा, अफवांना मूठमाती द्या!' एसटीच्या थांब्यावर वाटली, शाळेत वाटली, आणि पिठाच्या गिरणीत गठ्ठा ठेवला. गिरणीवाल्याने प्रत्येक पिठाच्या डब्यावर एक टाकलं. दोन दिवसांत सत्य घरोघर पोचलं. आजी कोंबड्यांसाठी रडली. मी समाधानाने झोपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारून काहीच ऐकू आलं नाही. रेखा अंगणात बसून मोठी पातेली घासत होती. बाजूला पोतं, सुईदोरा, नव्याने धार लावलेले दोन कोयते. तोडीला जाण्याची तयारी. तिला सातवा महिना होता.

बप्पा आमच्या ओट्यावर आले. हातात पत्रक. पिठाने पांढरं झालेलं.

"खरं हाय का ह्ये?"

"शंभर टक्के, बप्पा."

"चंद्राच्या पल्याडून?"

"पल्याडून."

"जरासाबी अल्याड यायचा न्हाई?"

"नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. चार वेळा घातली. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, म्हणून मी बोलून गेले, "कशाला हो बप्पा माणसं घाबरवत होता?"

"मानसं कशाला घाबरवू? येकीला घाबरवायचं व्हतं."

मी त्यांच्या अंगणाकडे बघितलं. शेळीचा खुंटा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होता.

आमच्याकडे सासरा सुनेशी तोंडावर बोलत नाही. बोललाच तर पाणी दे, कवाड लाव, एवढंच. 'तुझे दिवस भरत आलेत, तू जाऊ नकोस' हे सासूने म्हणायचं असतं. सासू नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण रेखाच्या माहेरालाही दिवाळीनंतर कुलूपच. तेही सगळे तोडीला. बप्पांनी ज्ञानोबाला दोनदा सांगून पाहिलं होतं. ज्ञानोबा म्हणाला, उसाच्या फडावर बाया बाळंत होतातच की.

"व्हत्यात," बप्पा मला म्हणाले. "आमची पयली पोरगीबी फडात झाली व्हती. थंडी लई व्हती त्या साली. सकाळी झाली, दुपारी गेली. गाडी भरायची व्हती, मी भरली. कौशी तिसऱ्या दिशी उठली मोळ्या बांधाया." ते पत्रकाच्या घडीवरून अंगठा फिरवत होते. "ज्ञानोबाला ठावं न्हाई. कौशीनं सांगू दिलं न्हाई."

"मला सांगायचं ना बप्पा. मी बोलले असते रेखाशी."

"बोलली असतीस. पन तिनं इचारलं असतं, मी ऱ्हायले तर कोयता कसा व्हईल? काय सांगितलं असतंस?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कारखान्याच्या हिशेबी नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावरून वाहते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि टोळी नेणारा मुकादम अर्धा कोयता नेत नाही. मी तीनशे पत्रकांत या प्रश्नाला एक ओळ दिली नव्हती.

त्यापुढे आठ दिवस बप्पा शेळीसमोर बसले नाहीत. मी रेखाशी बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं तेच, जे बप्पा म्हणाले होते. मी ज्ञानोबाशी भांडले. तो म्हणाला, "ताई, तुमचं खरं हाय. पन मी मुकादमाला शब्द दिलाय."

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी, शाळेच्या मैदानात ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या भांड्यांनी, पोत्यांनी, माणसांनी भरत होत्या. रेखा चाकावर एक पाय ठेवून चढत होती. ज्ञानोबा वरून हात देत होता. तेवढ्यात बप्पा आले. काखेत वळकटी.

"रेखा," ते म्हणाले.

ट्रॉलीतल्या बाया वळून बघायला लागल्या. रेखाने पदर ओढून घेतला. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, सासऱ्याच्या तोंडून स्वतःचं नाव तिने पहिल्यांदा ऐकलं असेल.

"उतर. तू घरी ऱ्हा. तुझे दिस भरत आल्यात."

मुकादम हसला. "आन् बप्पा, अर्धा कोयता कोन? तो तुमचा दगुड?"

लोक हसले. मीही चार महिन्यांपूर्वी हसले असते.

"मी," बप्पा म्हणाले.

"तुमाला उभं ऱ्हाता येत न्हाई."

"मोळ्या बसून बांधत्यात."

"आन् वाहायच्या कुनी?"

"ज्ञानू तोडंल आन् वाहीलबी. मी बांधीन. दोघांचं मिळून एक झालं म्हंजी झालं ना तुझं?"

"बायकांचं काम हाय त्ये, बप्पा."

"म्हून तर अवघड हाय. शिकंन."

मुकादमाने ज्ञानोबाकडे बघितलं. ज्ञानोबाने खाली बघितलं आणि मग रेखाकडे. तिने पाय चाकावरून काढला. ती सासऱ्याला काही बोलली नाही. नवऱ्याकडेच बघून, पण मैदानात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "मामांना म्हनावं, वल्ल्यात बसू नका. आन् रोज रातच्याला गुडघ्याला तेल लावा." बप्पांनी ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडे बघून मान हलवली. घर सोडून परमुलखात जाणाऱ्याचं काही खरं नाही, असं चार महिने ओरडून सांगणारा माणूस ट्रॉलीत चढला. दोघांनी त्याला वर ओढून घेतलं.

रेखा आमच्याकडे जेवायची. दिवस भरले तेव्हा माझ्या आईने आणि मी तिला पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. चार दिवस झाले त्याला.

ज्ञानोबाचा फोन तेव्हापासून बंद लागतो. कोपीत वीज नाही, चार्जिंग कुठल्या तरी दुकानात होतं. मुकादम म्हणतो, टोळी दुसऱ्या फडावर हलवली आहे. कुठल्या, ते तो उद्या सांगणार आहे. रोज उद्याच सांगणार आहे.

म्हणून तुम्हाला विनंती. तुम्ही उसाच्या मुलखात राहत असाल, तर फडाशेजारून जाताना गाडी थांबवा. बायका मोळ्या बांधत असतील. त्यांच्यात एक उंच, हडकुळा म्हातारा पाय लांब करून बसलेला दिसेल आणि त्याच्या मोळ्या बाकीच्यांपेक्षा वाकड्या असतील. जवळच त्याचा मुलगा ऊस तोडत असेल, त्यालाही हाक मारा. दोघांना सांगा की बीड जिल्ह्यातून निरोप आहे. मुलगी झाली. चांगली तीन किलोची आहे, आवाज खणखणीत आहे, आणि दोघी बऱ्या आहेत. नाव अजून ठेवलेलं नाही. ते बप्पांनी ठेवायचं, असं तिची आई म्हणते. त्यांना विचारून घ्या आणि आम्हाला कळवा.